डाव्या खांद्याची रायफल

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायला अकरा दिवस राहिले होते, आणि त्या शनिवारी सकाळी रूबेन किवेलाने आपली रायफल मुलाच्या ट्रकच्या पुढच्या सीटवर आणून ठेवली. केथ तेव्हा जंगलातल्या शिकारीच्या खोपटात, म्हणजे कँपवर, न्यायच्या गाद्या मागे रचत होता.

"ही विकून टाक," रूबेन म्हणाला. "आणि माझी गादी खाली उतरव."

एवढं बोलून तो घरात गेला, बूट झटकले, कॉफी ओतून घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसला. बायको, एलेन, गेल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. नवीन बूट नकोत, छपराची दुरुस्ती नको, दाताची कवळी नको. काही सुचवलं की म्हणायचा, कशाला, किती दिवस राहिलेत? एकाहत्तर म्हणजे काही फार वय नाही, आमच्याकडे नव्वदीचे म्हातारे अजून स्वतःची लाकडं फोडतात. पण रूबेनला सांगणार कोण? सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही.

केथ हातात रायफल घेऊन स्वयंपाकघरात आला तेव्हा तिथे आणखी दोघी होत्या. बहीण डार्ला आदल्या दिवशी ग्रीन बेहून चार तास गाडी चालवून आली होती. कारण कँपचं सामान बांधायच्या दिवशी सगळ्या किवेलांनी या घरी जमायचं, हा एलेनचा शिरस्ता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. दुसरी बॉनी, केथची बायको. ती कँपवर न्यायच्या मांसाच्या करंज्यांचं पीठ लाटत होती, डाव्या हाताने, नेहमीसारखं. केथने काय झालं ते सांगितलं आणि रायफल टेबलावर ठेवली.

डार्लाला हायसं वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही. ती शाळेत नर्स होती, आणि वडिलांच्या डोळ्याचे सगळे कागद तिनेच वाचले होते. उजव्या डोळ्याच्या मधोमध दोन वर्षांपूर्वी डाग धरला तो धरलाच. त्या डोळ्याने समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. नेम तर त्याच डोळ्याने धरायचा. ती म्हणाली, चांगलं झालं, त्याला आपणहून कळलं ते. पहाटेच्या थंडीत एकटा झाडाखाली बसणार, पडला तर दुपारपर्यंत कोणाला पत्ता नाही. यंदा डॅडने माझ्याकडे यावं, दोन आठवडे राहावं, नातवंडांशी पत्ते खेळावेत.

केथ नेहमीप्रमाणे मूग गिळून उभा राहिला. त्याला बहिणीचं पटत होतं. वडिलांशिवाय कँपवर जायची कल्पनाही सोसत नव्हती. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात केथला दोन्ही बाजू पटल्या नाहीत असा एकही तंटा या घरात झाला नव्हता.

"डॅड," तो शेवटी म्हणाला, "गेल्या वर्षीचा तो एक नेम चुकला म्हणून..."

रूबेनने खिडकीवरची नजर काढली. "चुकला ना? मग माझा शर्ट का नाही कापलास?"



ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाचा मागचा पदर संध्याकाळी कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि कँपच्या आढ्याला खिळ्याने ठोकायचं, ही तिथली रीत. आढ्यावर केथचे पाच पदर होते, बॉनीचे दोन, रूबेनच्या बापाचे, म्हणजे एमिलचे, तीन, आणि एका पाद्रीबुवांचाही होता. गेल्या नोव्हेंबरात रूबेनचा साठ पावलांवरचा आठ टोकांच्या शिंगांचा नर सुटला. कँपवर सगळ्यांना कळलं. संध्याकाळी कात्री काढायला केथ उठला, वडिलांकडे बघितलं आणि पुन्हा बसला. सगळे हवापाण्याचं बोलायला लागले. केथला वाटलं होतं आपण वडिलांचा मान राखला. म्हातारा मात्र त्या रात्री पाठ फिरवून झोपला आणि तेव्हापासून कँपचं नाव त्याने काढलं नव्हतं.

"तुला वाटलं, म्हातारा झाला," रूबेन म्हणाला. "म्हाताऱ्याचा शर्ट कशाला फाडायचा. ज्याचा शर्ट कापत नाहीत तो कँपचा माणूस नव्हे, पाहुणा. मला पाहुणा म्हणून यायचं नाही."

केथ लालबुंद झाला.   वर्षभर डार्ला याला डोळ्याचं दुखणं समजत होती.

बॉनीने लाटणं बाजूला ठेवलं. या घरात मतं देण्याची तिला सवय नव्हती. ती पुलाखालची, म्हणजे मिशिगन राज्याच्या दक्षिण भागातली, तो भाग आमच्या उत्तरेपासून पाण्याने तुटलेला. मोठा पूल ओलांडून सून म्हणून आलेल्या माणसाला इथे पहिली दहा वर्षं हवामानाबद्दलही मत द्यायची मुभा नसते. पण बावीस वर्षं झाली होती.

"डाव्या खांद्याने मारा," ती म्हणाली. "डावा डोळा चांगला आहे ना?"

डार्ला भडकली. ती म्हणाली की बॉनी, कृपा करून त्याच्या डोक्यात हे भरवू नकोस, एकाहत्तराव्या वर्षी कोणी खांदा बदलतं का? आणि डाव्या डोळ्याचंही डॉक्टर काही लिहून देत नाहीत. तीन वर्षं, पाच वर्षं, दहा, कोण जाणे. त्यालाही तसाच डाग धरू शकतो. केथने मात्र मान वर केली. त्याच्या मनात पहिल्यांदाच एक बाजू दुसरीपेक्षा जास्त पटली होती.

रूबेनने कॉफीचा कप खिडकीत ठेवला. मग म्हणाला, "त्याला डावी रायफल लागेल."

 पण किवेलांच्या कँपवर डावी रायफल चालत नाही, आणि तो नियम कोणाचा, हे चौघांनाही ठाऊक होतं.

नियमाची गोष्ट अशी. रूबेनच्या लहानपणी त्याच्या एका चुलत्याने पहाटेच्या अंधारात खुंटीवरून भलतीच रायफल उचलली, खिशातली काडतुसं तिला बसेनात, आणि दारासमोर उभा राहिलेला नर याची धडपड बघून सावकाश निघून गेला. एमिलने त्या दिवशी फर्मान काढलं की इथे सगळ्यांचं काडतूस एकच असेल. एमिलचा नियम एवढाच होता. पुढे कँप रूबेनच्या हातात आल्यावर त्याने पदरची भर घातली. पुढची गोळी आत घ्यायची जी दांडी, म्हणजे बोल्ट, तीही सगळ्यांची एकाच बाजूला, उजवीकडे. कोणीही कोणाचीही रायफल उचलावी, आणि हात आपोआप चालावा.

मग बॉनी आली. नवी नवरी, डावखुरी. तिने गावातल्या दुकानात एक डावी रायफल पाहिली, हातात घेऊन पाहिली आणि घरी येऊन सासऱ्याला विचारलं. रूबेन हसत हसत म्हणाला होता, "आमच्या खुंटीवर वाकडं काही टांगत नाही, पोरी. आमच्यासारखं मारायला शीक." तीही हसली. पुन्हा तिने कधी विषय काढला नाही. उजव्या रायफलीने डाव्या खांद्यावरून मारायला शिकली, आणि तिने या घराला चौदा हरणं आणून दिली.

आता रूबेन टेबलावरच्या रायफलीकडे बघत होता आणि बॉनी त्याच्याकडे. दुसरी एखादी असती तर तिने हा क्षण नीट चघळला असता. बॉनीच्या मनात तसं काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. पीठ लाटताना तिच्या मनात आलं होतं की बरी खोड मोडली. पण त्या माणसाचा चेहरा पाहून तिचा राग कुठल्या कुठे गेला. एलेनच्या आजारपणात हा माणूस अकरा महिने तिचे केस विंचरत होता, तेही बॉनीने पाहिलं होतं.

"चला रूबेन," ती हात धूत म्हणाली. "मागच्या खाणीत जाऊ. माझी रायफल घेऊन बघा. जमलं तर जमलं."

घरामागे वाळूची जुनी खाण आहे. किवेलांच्या तीन पिढ्या तिथे नेम शिकल्या. केथने साठ पावलांवर फळीला कागदी ताटली ठोकली. डार्लाही आली. हाताची घडी घालून लांब उभी राहिली आणि थंडी फार आहे असं दोनदा म्हणाली. बर्फाची भुरभुर नुकती सुरू झाली होती.

रूबेनने रायफल डाव्या खांद्याला लावली. सगळंच उलटं. गाल चुकीच्या जागी, कोपर चुकीच्या जागी. पहिली पाच मिनिटं त्याला नुसतं उभं राहता येईना. बॉनीने मागून त्याचा खांदा दाबला, पाय थोडा सरकवला, डोकं आणखी पुढे म्हणाली. मग त्याने रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं.

ताटली दिसत होती. अख्खी. तिच्या काठाच्या चुण्यासुद्धा. दोन वर्षं ज्या जागी डाग बसला होता, तिथे पांढरी स्वच्छ ताटली होती. त्याने चाप ओढला, आणि केथ लांबून ओरडला की लागली, काठाला लागली.

रूबेनला मोठ्याने हसू आलं. पण लगेच दुसरी गोळी भरायला डावा हात उचलला आणि तिथे गाडं अडलं. बोल्टची दांडी पलीकडच्या बाजूला. डावा हात रायफलीच्या वरून पलीकडे न्यायचा, दांडी उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, पुन्हा हात अलीकडे आणायचा. त्यात गाल सुटला, दुर्बिणीतून ताटली गेली, रायफल डुगडुगली. ताटली पुन्हा सापडेपर्यंत हरीण शेजारच्या तालुक्यात गेलं असतं. लाकडाच्या गिरणीत मोडलेला त्याचा डावा खांदा तर तिसऱ्या वेळी ठणकायला लागला.

पाच गोळ्या झाल्यावर त्याने रायफल खाली केली. मागे वळून न बघता विचारलं, "दर वेळी असं?"

"दर वेळी," बॉनी म्हणाली.

"बावीस वर्षं?"

"सवय होते."

 रूबेनच्या मनात एक एक हंगाम येत होता. जखमी नराच्या मागे दुसरी गोळी मारायला बॉनीला उशीर व्हायचा, आणि हा कँपवर सगळ्यांदेखत म्हणायचा, पुलाखालच्यांचा हात जरा जडच. सगळे हसायचे. तिच्या शर्टाचे दोन पदर आढ्याला होते, आणि दोन्ही वेळा कात्री रूबेननेच चालवली होती. पोरीचा हात जड नव्हता. ते जडपण याने तिच्या हातात दिलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की खाणीच्या भिंतीकडे बघतच तो म्हणाला, ट्रक काढ केथ, गावात जाऊ.

गाडीत चौघे दाटीवाटीने बसले. केथने सुचवलं की यंदापुरती बॉनीसारखीच उजवी चालवावी, पुढचं पुढे. रूबेनने साफ नाही म्हटलं. पहिली गोळी नीट बसली नाही तर दुसरी ताबडतोब मारता आली पाहिजे, नाहीतर मारूच नये. जखमी हरीण झाडीत मरायला सोडून घरी यायचं, हे त्याने आयुष्यात केलं नव्हतं आणि करणार नव्हता. एवढ्या एका गोष्टीत डार्लाचंही त्याच्याशी एकमत होतं, आणि ती तसं म्हणालीही.

दुकानात हंगामाची झुंबड होती. मालक लाइल शाळेत रूबेनच्या वर्गात होता. डावी रायफल म्हटल्यावर त्याने डोळे मोठे केले, पण चेष्टा केली नाही. तो म्हणाला, त्या मी ठेवतच नाही, घेतो कोण? पण एक आहे. एका दातांच्या डॉक्टरने मागवली आणि बदली होऊन गेला. त्याने ती आतून आणली. काडतूस तेच, किवेलांचंच. फक्त दांडी डावीकडे.

रूबेनने ती खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नेम धरला. डावा हात दांडीवर गेला. वर, मागे, पुढे, खाली. गाल हलला नाही. घड्याळही हललं नाही. त्याने पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा. केथने वडिलांचा चेहरा पाहिला आणि तो खोगिरांच्या रांगेकडे तोंड करून उभा राहिला, कारण सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने दुकानात रडू नये.

"घे बघ," म्हणून रूबेनने रायफल बॉनीच्या हातात दिली. तिने नको नको म्हटलं, मग घेतली. खांद्याला लावून तिने दांडी एकदा फिरवली. मग सलग तीनदा, इतकी झरझर की लाइलने हातातली पावती खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते क्षणभरच दिसलं. लगेच तिने रायफल परत केली आणि तुम्हाला छान बसते म्हणाली. 

रूबेनने विचारलं, "लाइल, अशी आणखी एक?"

मागवावी लागेल, लाइल म्हणाला. फेब्रुवारीत येईल, मार्चही उजाडेल. हंगामाआधी काही शक्य नाही.

"मग ही हिच्या नावावर कर. कागद तीच भरेल, पैसे मी देतो. माझी फेब्रुवारीतली."

बॉनी घाईघाईने म्हणायला लागली की असलं काही करायचं नाही, ती या रायफलीसाठी आलीच नव्हती, तिला सवय आहे, तिचं काही अडलेलं नाही. आणि तिच्याहीपेक्षा मोठ्या आवाजात बोलली ती डार्ला. सकाळपासून जी रायफल नको म्हणत होती तीच डार्ला आता वडिलांचा कोट धरून उभी होती.

"डॅड, ही तू घे. आज घे. डाव्या डोळ्याचं मी सकाळी काय सांगितलं ते ऐकलंस ना? हा नोव्हेंबर फुकट घालवू नकोस. बॉनी थांबेल. बॉनीला अजून तीस नोव्हेंबर आहेत."

"बॉनी थांबलीय," रूबेन म्हणाला.

आजूबाजूची गिऱ्हाइकं ऐकत होती. हा माणूस चारचौघांत असं बोलणारा नव्हे. एलेनला सुद्धा त्याने प्रेमाचं जे काय सांगितलं असेल ते दार लावून सांगितलं असेल. पण आज तो टोपी हातात घेऊन सुनेसमोर उभा राहिला.

"बॉनी, नियम माझ्या बापाचा नव्हता. माझा होता. तू नवी होतीस आणि मला दाखवायचं होतं की इथे कोणाचं चालतं. बावीस वर्षं तुला मी वाकडं उभं केलं आणि वर हसलो. चूक झाली माझी. ही तुझी आहे, ही तू पंधरा तारखेला घेऊन जायचीस. यंदा मी कँपवर स्वयंपाक करीन, आणि तुझ्याकडे बघून शिकीन."

बॉनीने होकाराची मान हलवली.  तिने काउंटरवरचं पेन उचललं आणि कागद भरायला घेतला. नावाच्या जागी किवेला लिहिताना एक अक्षर बिघडलं, ते तिने पुन्हा गिरवलं.

डार्लाने कोट सोडला नव्हता. ती हळू आवाजात म्हणाली, "आणि फेब्रुवारीपर्यंत डोळा राहिला नाही तर?"

 रूबेनला उगाच धीर द्यायचा नव्हता. ही मुलगी नर्स होती, तिला खोटं चाललं नसतं.

"तर बॉनीच्या घरात दोन डाव्या रायफली होतील," तो म्हणाला. "पण राहील असं धरून चालू. गेली दोन वर्षं मी उलटं धरून चाललो, त्यात काय मोठं मिळालं?"

लाइलने मागणीची वही पुढे केली आणि विचारलं, माल आला की फोन कोणाला करू? फेब्रुवारीत रूबेनच्या घरचा रस्ता कमरेइतक्या बर्फात असतो, आणि रात्री तो गाडी चालवत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. केथ तोंड उघडणार, तेवढ्यात डार्लाने वही आपल्याकडे ओढली. ग्रीन बेचा नंबर लिहिला, आणि खाली स्वतःचं नाव.

"मला करा," ती लाइलला म्हणाली. "मी येऊन घेऊन जाईन त्याला."

"बर्फात चार तास?" रूबेनने विचारलं.

"चार तास," डार्ला म्हणाली. "आणि खाणीतही मी येणार. ताटल्या मी ठोकणार. केथ फार जवळ ठोकतो."

रूबेन हसला. मग लाइलकडे वळून त्याने विचारलं, बूट कुठे ठेवलेत? बर्फातले, माझ्या मापाचे. यंदापुरते नकोत, चांगले टिकणारे दाखव.